शंभर पाव्हण्यांसाठी घरचं कलिंगड-लिंबू सरबत : प्रमाण, पाणी, बर्फ आणि भांडी यांची सविस्तर माहिती

श्रीगोंदा (प्रतिनिधी) : एप्रिल-मे म्हटलं की आपल्याकडे लग्न, साखरपुडा, जावळ, वास्तुशांती, यात्रा यांची गर्दी. पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि मुहूर्त नेमका दुपारचा. मांडवात आलेला पाव्हणा आधी पाणी मागतो, मग जेवणाचं बघतो. अशा वेळी विकतच्या रंगीत बाटल्यांपेक्षा घरी केलेलं फळांचं लिंबू सरबत कधीही चांगलं. लिंबू आपल्या तालुक्यातलं, कलिंगड आपल्या शेतातलं, साखरही आपल्याच उसाची. खर्च कमी आणि चव जास्त.

पण घरी चार ग्लास सरबत करणं वेगळं आणि शंभर माणसांचं करणं वेगळं. चार ग्लासांत चुकलं तर थोडी साखर वाढवून भागतं. शंभर माणसांत चुकलं तर गाव आजारी पडतं. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या घरी घडलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुतण्याचं जावळ होतं. लिंबं घरच्या बागेतली, साखर चांगली, चव एकदम झकास झालेली. ऊन वाढलं तसं गार सरबत कमी पडायला लागलं. मीच गाडी काढली आणि तालुक्याच्या गावातून बर्फाची लादी आणली. गोणपाटात गुंडाळलेली होती. विहिरीवर धुतली, दगडाने फोडली आणि थेट सरबताच्या पिंपात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घराघरातून निरोप यायला लागले. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब. माझ्या आईला दोन दिवस सलाईन लावावी लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बर्फ कुठला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोष बर्फाचा होता की विहिरीच्या पाण्याचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी दोन्हीची चौकशी केली नव्हती एवढं मात्र खरं.

तेव्हापासून आमच्या घरच्या कार्यक्रमात सरबताची एक पद्धत ठरलेली आहे. तीच इथे सविस्तर देत आहे.

शंभर माणसांचं प्रमाण

एका माणसाला साधारण २०० मिलीचा एक ग्लास लागतो. उन्हात निम्मे लोक दुसऱ्यांदा मागतात. म्हणून शंभर माणसांना ३० लिटर सरबत धरावं. त्यासाठी लागणारं साहित्य :

- कागदी लिंबं : ५ किलो, म्हणजे साधारण ११० नग (रस अंदाजे २ लिटर)
- कलिंगड : २० किलो, म्हणजे चार-चार किलोची ५ फळं (रस अंदाजे १० लिटर)
- साखर : अडीच किलो
- उकळून गार केलेलं पाणी : १६ लिटर (पाकाचं दीड लिटर धरून)
- साधं मीठ : ३० ग्रॅम
- काळं मीठ : २० ग्रॅम
- भाजलेल्या जिऱ्याची पूड : ३० ग्रॅम
- पुदिना : २ जुड्या
- बर्फ : १५ ते २० किलो, फक्त बाहेरून गार करण्यासाठी

दोनशे माणसं असतील तर सगळं दुप्पट करा. पन्नास असतील तर निम्मं. कलिंगड फार गोड निघालं तर साखर पाव-अर्धा किलो कमी लागते. म्हणून पाक सगळा एकदम ओतायचा नाही, थोडा मागे ठेवायचा.

लिंबू कसं निवडायचं

हिरवंगार, कडक लिंबू दिसायला ताजं असतं, पण त्यात रस कमी असतो. सरबताला पिवळसर झाक आलेलं, पातळ सालीचं, हातात घेतल्यावर जड लागणारं लिंबू घ्यावं. आपल्या भागात बऱ्याच बागांमध्ये साई सरबती आणि फुले सरबती या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत, त्यांना रस चांगला असतो. साधारण ४५ ग्रॅमच्या एका लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो.

लिंबं आधी स्वच्छ धुवावीत. मग दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून हाताखाली पाटावर दाबून फिरवावीत. रस सहज सुटतो.

सरबत कडू होण्याची तीन कारणं असतात. पहिलं, लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत करकचून पिळणं, त्यामुळे सालीतलं तेल उतरतं. दुसरं, बिया चिरडणं किंवा रसात तशाच राहू देणं. तिसरं, गरम पाकात रस ओतणं. पाक पूर्ण गार झाल्याशिवाय रस घालू नका. रस कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच काढा. रात्री काढून उघड्यावर ठेवलेला रस सकाळपर्यंत उतरतो, त्याला कडवट वास येतो.

आधी पाणी

सरबतात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. लिंबू आंबट आहे म्हणून पाण्यातले जंतू मरतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो चुकीचा आहे. सरबतात जेवढं लिंबू असतं तेवढ्याने पाणी शुद्ध होत नाही.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पाणी उकळणं. आदल्या दिवशी चुलीवर मोठं पातेलं ठेवा. पाण्याला खळखळून उकळी फुटली की किमान एक मिनिट तशीच राहू द्या. मग झाकण ठेवून रात्रभर गार होऊ द्या. गार झालेल्या पाण्यात हात, तांब्या किंवा वगराळं बुडवू नका. तोटीच्या भांड्यात भरून ठेवलेलं उत्तम.

उकळणं शक्यच नसेल तर मेडिक्लोर वापरा. किती थेंब टाकायचे ते बाटलीवर लिहिलेलं असतं. टाकल्यावर अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळून घ्या, कारण गढूळ पाण्यात औषधाचा असर कमी होतो.

ग्रामपंचायतीचं पाणी वापरणार असाल तर जलसुरक्षकाला दोन दिवस आधी विचारा. टाकीत टीसीएल पावडर नियमित पडते का, ओटी टेस्ट केव्हा केली, हे त्याला माहीत असतं. टेस्टमध्ये पाण्याला पिवळी छटा आली तर त्यात क्लोरीन आहे असं समजायचं. जिल्हा परिषद गावांना पाण्याच्या तपासणीवरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देते. आपल्या गावाला कोणतं कार्ड आहे हे विचारण्यात लाज नाही.

गार पाण्याच्या जारबद्दल एकच सांगतो. पाणी गार आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही. जार कुठे भरले जातात हे बघून मगच ऑर्डर द्या.

बर्फ पिंपात टाकायचा नाही

बर्फ दोन प्रकारचा असतो. एक खाण्याचा, म्हणजे पिण्यायोग्य पाण्यापासून केलेला. दुसरा मासळी, दूध, फळं यांची वाहतूक करताना बाहेरून गार ठेवण्यासाठी वापरतात तो. दुसऱ्या प्रकारच्या बर्फाला पिण्याचं पाणी वापरलेलं असेलच असं नाही. लोकांना फरक कळावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणं सक्तीचं केलं. त्यामुळे निळसर बर्फ दिसला तर तो पोटात जाता कामा नये. पण पांढरा दिसला म्हणजे खाण्याचाच, असं डोळे झाकून धरू नका. लादी कुठे ठेवली होती, कशात गुंडाळली, कोणत्या पाण्याने धुतली, हेही तितकंच महत्त्वाचं.

यावर सोपा तोडगा आहे. बर्फ सरबताच्या आत न टाकता बाहेर ठेवा. मोठ्या घमेल्यात किंवा टबात बर्फ फोडून पसरा, त्यावर दोन मुठी जाडं मीठ टाका आणि त्यात झाकणाचे स्टीलचे डबे किंवा दुधाचे कॅन गळ्यापर्यंत बसवा. मिठामुळे बर्फाचं पाणी जास्त गार होतं. पाऊण तासात कॅनमधलं सरबत चांगलं गार पडतं. मधूनमधून कॅन थोडा फिरवत राहा. वितळलेलं पाणी आत जाणार नाही एवढी काळजी घ्या.

याचा दुसरा फायदा म्हणजे सरबत पातळ होत नाही. बर्फ आत टाकला की पहिल्या पंगतीला आंबट-गोड आणि तिसऱ्या पंगतीला नुसतं पाणी, असं होतं.

कुणाला ग्लासात गारवा हवाच असेल तर उकळलेल्या पाण्याचा बर्फ घरच्या फ्रीजमध्ये आदल्या दिवशी करून ठेवा. कलिंगडाचे छोटे तुकडे गोठवून ग्लासात टाकले तर मुलं खूष होतात.

भांडी : इथे हमखास चूक होते

लिंबाचा रस आंबट असल्याने धातूला खातो. म्हणून तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात सरबत अजिबात करू नका. देवघरातली पितळी घागर दिसायला छान दिसते, पण त्यात सरबत तासभर राहिलं तर धातू उतरतो आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. ॲल्युमिनिअमची पातेली आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादल्याही नकोत. स्टील, काच किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीचं चांगलं प्लॅस्टिक वापरा.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. शेतात पाणी साठवायला आपण निळे ड्रम आणतो. त्यातले बरेच रसायनांचे किंवा रंगाचे रिकामे झालेले असतात. कितीही धुतले तरी ते सरबताला आणि पिण्याच्या पाण्याला वापरायचे नाहीत. फवारणीची बादली, औषध कालवलेलं माप, तेही स्वयंपाकाच्या बाजूला येता कामा नये. कार्यक्रमाच्या गडबडीत पोरं जे हाताला लागेल ते उचलून आणतात, म्हणून सरबताची भांडी आधीच वेगळी काढून ठेवा.

कृती आणि वेळापत्रक

कार्यक्रम दुपारी १२ वाजता आहे असं धरून सांगतो.

आदल्या दिवशी :
१. पाणी उकळून झाकून ठेवा.
२. अडीच किलो साखरेत दीड लिटर पाणी घालून पाक उकळा. तार यायची गरज नाही, साखर विरघळून एक उकळी आली की पुरे. वर मळी आली तर काढा. गार झाल्यावर गाळून स्टीलच्या डब्यात भरा.
३. जिरे भाजून पूड करा.
४. कलिंगडं सावलीत, शक्य असेल तर ओल्या पोत्याखाली ठेवा. अजून कापायची नाहीत.

कार्यक्रमाच्या सकाळी :
५. ८ वाजता लिंबाचा रस काढा, स्टीलच्या गाळणीने गाळा आणि झाकून गार जागी ठेवा.
६. ९ वाजता कलिंगडं बाहेरून घासून धुवा. साल फेकून द्यायची असली तरी धुवायची, कारण सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते.
७. १० वाजता कलिंगडं कापा. मोठ्या बिया काढून गर मिक्सरला थोडा थोडा फिरवा, पाणी घालू नका. बिया बारीक झाल्या तर सरबताला माती लागल्यासारखी चव येते. मिक्सर नसेल तर स्टीलच्या चाळणीवर गर हाताने न दाबता पळीने दाबून गाळा.
८. पाकात दोन्ही मीठ विरघळवा. त्यात गार पाणी, कलिंगडाचा रस आणि शेवटी लिंबाचा रस घाला. एका ग्लासात चव बघा, मग राखून ठेवलेला पाक लागेल तसा घाला.
९. पुदिना तीन पाण्यांनी धुवून, शेवटचं पाणी उकळून गार केलेलं घेऊन, हाताने चुरगळून टाका. जिरेपूड वाढताना वरून घाला, आधी घातली तर रंग काळपट होतो.
१०. कॅन बर्फात बसवा.

सगळं ३० लिटर एकदम कालवू नका. आधी निम्मं करा. उरलेला पाक आणि रस वेगळा गार ठेवा आणि गरज पडेल तसं पुढचं करा. कलिंगड कापल्यावर उन्हात फार टिकत नाही. रस काढल्यापासून तास-दोन तासांत सरबत संपलं पाहिजे. गार ठेवलेलं थोडं जास्त टिकतं, पण दुपारचं उरलेलं रात्रीच्या पंगतीला वाढू नका. माझी चुलती म्हणते, "टाकताना जीव तुटतो रे." तुटू द्या, पण वाढू नका.

कलिंगड नसेल तर

एक लिटर सरबतासाठी इतर फळांचं प्रमाण असं :

- कैरी : एक मध्यम कैरी उकडून तिचा गर, एक लिंबू, १२० ते १५० ग्रॅम साखर किंवा गूळ. कैरी मुळातच आंबट असल्याने लिंबू कमी. गूळ घेतला तर विरघळवून गाळून घ्यावा.
- द्राक्षं : ४०० ग्रॅम, चार लिंबं, ६० ते ७० ग्रॅम साखर. द्राक्षांवर फवारण्या झालेल्या असतात. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून नंतर वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवा.
- डाळिंब : दोन मध्यम फळं, तीन लिंबं, ८० ग्रॅम साखर. दाणे मिक्सरला अगदी हलके फिरवा, बी फुटलं की तुरट चव येते.
- खरबूज : ४०० ग्रॅम गर, चार लिंबं, ८० ग्रॅम साखर. साल खरखरीत असल्याने ब्रशने घासून धुवा. हे सरबत लगेच प्यायचं, ठेवायचं नाही.

खर्चाचा हिशोब

भाव रोज बदलतात, म्हणून आपल्या बाजारचा भाव टाकून हिशोब करावा. समजा लिंबू १५० रुपये किलो धरलं तर ५ किलोचे ७५० रुपये. कलिंगड १२ रुपयांनी २० किलोचे २४० रुपये. साखर ११० रुपये, मीठ-जिरे-पुदिना ५० रुपये, बर्फ १०० रुपये. एकूण १२५० रुपये, म्हणजे माणशी साडेबारा रुपये, आणि तेही दीड ग्लास. वीस रुपयांची छोटी बाटली शंभर जणांना दिली तर दोन हजार होतात आणि पैसा गावाबाहेर जातो.

लिंबाचा भाव मात्र उन्हाळ्यात चढतोच. २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंबू दोनशे रुपये किलोच्या पुढे गेलं होतं, हे सगळ्यांच्या लक्षात असेल. उन्हाळ्यात फळ यायचं तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी ऐन पावसाळ्यात झाडाला ताण बसला पाहिजे, आणि तो दरवर्षी बसतोच असं नाही. म्हणून माल कमी आणि भाव जास्त. तेच लिंबू पावसाळ्यात तोडणीचा खर्चही निघू देत नाही. ज्यांच्याकडे फ्रीजरची सोय आहे त्यांनी तेव्हा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा आणि गोठलेल्या वड्या पिशवीत भराव्यात. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला त्या कामाला येतात.

भाव चढला की काही जण लिंबाऐवजी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडची पावडर वापरतात. खाण्याच्या दर्जाची असेल आणि बेताने वापरली तर ती विषारी नाही, पण ते लिंबू सरबत नव्हे. आचाऱ्याला काम दिलं असेल तर आधीच स्पष्ट विचारा.

कुणी जपून प्यावं

मधुमेह असलेल्यांसाठी साखर न घातलेलं साधं लिंबूपाणी वेगळं ठेवा. बीपी आणि किडनीच्या रुग्णांना मीठ बेताने लागतं, त्यांच्यासाठी बिनमिठाचं काढा. म्हाताऱ्या माणसांना मागायला संकोच वाटतो, आपण होऊन विचारा.

सरबत हे ओआरएस नव्हे. कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर सरबतावर भागवू नका. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्यात कालवून घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. लहान मूल, म्हातारं माणूस असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

मांडवात कुणाला ऊन लागून भोवळ आली तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि वारा घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात सरबत किंवा पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा.

आचाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न

१. पाणी कुठलं आणि उकळलं का?
२. बर्फ कुठला आणि तो आत टाकणार की बाहेर ठेवणार?
३. भांडी कशाची आहेत?
४. फळं किती वाजता कापणार?
५. उरलेल्या सरबताचं काय करणार?

यातल्या एकाही प्रश्नाला "बघू की" असं उत्तर आलं तर एक जबाबदार माणूस सरबतापाशी उभा करा. आमच्या घरी आता ते काम माझ्याकडे आहे. जावळाच्या त्या दिवसानंतर मी ते कुणाला देत नाही.

तुमच्याकडे या महिन्यात कार्यक्रम असेल तर ही माहिती मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि आचाऱ्यालाही पाठवा.